सेल्बीचं रद्द तिकीट

लँपर्स कोव्ह, न्यूफाउंडलंड
६ ऑक्टोबर २०१६

सेल्बी,

फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. माझं अक्षर कसं आहे ते तुला माहीत आहे. सहावीनंतर माझ्या हातात पेन आलं नाही, मासे कापायची सुरी आली. वाचायचं तर वाच, नाहीतर घाल चुलीत. पण आईने तुला फोनवर अर्धंच सांगितलं असणार, आणि तेही रडत. उरलेलं अर्धं माझ्याकडून घे.

काल बुधवारी तुझ्या नावाचं तिकीट निघालं आणि मी ते रद्द केलं. हॉलभर माणसांसमोर. हो, मीच. दुसऱ्या कुणावर ढकलत नाही.

हा एक्क्याचा खेळ तू तेलाच्या कामावर अल्बर्टात गेल्यावर सुरू झाला, म्हणून नीट सांगते. अग्निशमन दलाला नवा बंब हवा आहे. जुन्या बंबाचा पंप मागच्या फेब्रुवारीत मेसनांचं घर जळताना सुरूच झाला नाही, बादल्यांनी विझवायला गेलो आणि चूल तेवढी उरली. तर दर बुधवारी हॉलमध्ये तिकिटं विकतो. एक तिकीट निघतं. त्या माणसाला त्या दिवसाच्या विक्रीचा पाचवा हिस्सा मिळतो, आणि टेबलावर उपडे ठेवलेल्या पत्त्यांतला एक उचलायला मिळतो. इस्पिकचा एक्का निघाला तर साठलेला सगळा गल्ला त्याचा. नाही निघाला तर तो पत्ता तिथेच फाडायचा आणि गल्ला पुढच्या बुधवारी आणखी वाढतो. आता तो दोन लाख डॉलरवर गेला आहे. उरतो तो पैसा बंबाचा. परवाना सरकारचा, आणि परवान्यावर सही माझी, कारण बाकी सगळ्यांना तेव्हा अचानक कामं निघाली होती.

त्या परवान्यात एक गोष्ट ठळक अक्षरात आहे. तिकीट प्रांतात हजर असलेल्या माणसालाच विकायचं. बाहेरच्यासाठी नाही. फोनवर नाही, टपालाने नाही, कुणामार्फत नाही.

आणि आपल्या गावाने काय केलं? ज्याचं त्याचं पोरगं अल्बर्टात. प्रत्येक आई एक तिकीट स्वतःचं घेते, एक पोराचं. पाठीमागे पोराचं नाव लिहिते, जसं नाताळला पाकिटावर लिहितात. आजवर बाहेरचं नाव निघालं नव्हतं, त्यामुळे कुणाच्या पोटात दुखलं नाही.

काल माझ्याबरोबर टेबलामागे बसणाऱ्या हेझनकाकांनी तिकिटांचं पिंप फिरवलं, मी हात घातला, वाचलं: सेल्बी, फोर्ट मॅकमरी. आईचं अक्षर. मी काही बोलायच्या आत आपली आई खुर्चीवर चढली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी!

"माझा सेल्बी! अल्बर्टातला माझा सेल्बी! अरे, कुणीतरी फोन लावा रे त्याला!"

मी विचारलं, "आई, हे तिकीट कुणाचं?"

"सेल्बीचं. बहिरी झालीस का?"

"पैसे कुणाचे?"

"सेल्बीचेच. दर सोमवारी वीस डॉलर टाकतो माझ्या खात्यावर. गुणाचा आहे तो."

"आई, नीट विचार करून सांग."

"विचार काय करायचा? पोराचं तिकीट स्वतःचं म्हणून खाऊ का मी?"

मागून सगळे ओरडायला लागले. "डल्सी, वेड लागलं का तुला? तुझ्या आईचं, व्हायलेटमावशीचं नाव लिही आणि मोकळी हो!" मी म्हटलं, रद्द. तिकिटावर आडवी रेघ मारली, वहीत कारण लिहिलं, हेझनकाकांची सही घेतली. त्यांनी सही केली ती मी त्यांच्यावर कुत्रा सोडल्यासारखं तोंड करून. दुसरं तिकीट काढलं, ते लेव्ही पार्डीचं. त्याला अकरा हजार सहाशे मिळाले. पत्ता उचलला तो चौकटची सत्ती. म्हणजे एक्का अजून टेबलावरच आहे.

ते अकरा हजार सहाशे तुझे झाले असते, असं गाव म्हणतं. नसते झाले. तिकीटच तुझं होऊ शकत नव्हतं. शेजारच्या बंदरातल्या मंडळाने असाच एक हिशेब 'सांभाळून घेतला', तर त्यांचा परवाना गेला. आता त्यांच्या हॉलमध्ये जाळी वाळत घालतात.

एवढंच. तिकडे बर्फ पडलं म्हणे. मला काय करायचंय.

डल्सी


लँपर्स कोव्ह
२४ ऑक्टोबर

सेल्बी,

तुझा निरोप मिळाला. 'मला बहीण नाही.' तीन शब्दांसाठी फोनला हात लावलास, उपकार झाले.

इथे काय चाललंय ते ऐक. दुकानात गेले की बायका माझ्याकडे पाठ करून टरबुजं निवडतात. ऑक्टोबरात, इथे, टरबुजं! एक तरी घेतलं का कुणी? हॉलच्या दाराला मी पाटी लावली: 'प्रांताबाहेरच्या नावाने तिकीट मिळणार नाही. घेतलं असेल तर पैसे परत.' दोन बुधवार झाले, विक्री तिसऱ्या हिश्शावर आली. येऊ दे.

हेझनकाका शनिवारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. मी खारवलेलं मांस उकडत ठेवलं होतं, वासाने आले असतील म्हटलं. चहा घेतला, मनुकांचे दोन बन खाल्ले, मग घसा खाकरला.

"डल्सी, हॉलच्या कँटीनचा पैसा तिकिटांच्या पैशापासून वेगळा असतो ना?"

"असतो."

"त्यातून सेल्बीला थोडं दिलं, तर कुणाला कळणार आहे? तू दुरुस्ती म्हणून लिही."

"कसली दुरुस्ती?"

"छपराची म्हण."

"म्हणजे छप्पर गळतंय ते गळतच राहणार, आणि कागदावर कोरडं?"

"पोरी, माणुसकी म्हणून काही असते."

"असते ना. काका, तुम्ही बंबाच्या मागे लटकून मेसनांकडे गेलात तेव्हा माणुसकी होती. पाणी नव्हतं."

उठून गेले. तिसरा बन हातात घेऊनच गेले. त्यांना एकट्याला हे सुचणार नाही, सेल्बी. आजवर त्यांना कँटीनचा पैसा वेगळा असतो हेच कळलं नव्हतं. तू फोन केलास ना त्यांना? मी त्यांना विचारलं नाही.

आई माझ्याशी बोलत नाही, पण दर रविवारी जेवायला येते. पानात वाढलेलं गुपचूप खाते आणि मूस हरणाच्या मटणात मीठ कमी आहे असं टेबलाला सांगते. काल मात्र फुटली.

"मी माझं तिकीट म्हटलं असतं तर?"

"तर तुझं नाव लिहिलं असतं."

"खोटं?"

"खोटं तू बोलली असतीस. मी फक्त लिहिलं असतं."

"देवाच्या घरात जाते मी दर रविवारी!"

"मग आता रडतेस कशाला? खरं बोललीस ते बोललीस."

तिने काटा आपटला. "तू बाहेर काढायला हवं होतंस मला त्यातून. मोठी आहेस तू."

'नीट विचार करून सांग' म्हटलं होतं मी. आणखी कसं बाहेर काढतात?

तुझं पत्र नको, पण तू तिथल्या पत्त्यावरच आहेस एवढं कळव. मागचं पाकीट पोचायला फार दिवस लागले असं टपालवाली म्हणाली.

डल्सी


लँपर्स कोव्ह
१७ नोव्हेंबर

सेल्बी,

शाबास. तक्रार केलीस ना सरकारात? 'माझं जिंकलेलं तिकीट बहिणीने द्वेषाने रद्द केलं.' तुझं पत्र मला दाखवलं त्यांनी. द्वेषाने! तुला नावंही ठेवता येत नाहीत धड, तुझ्यापेक्षा मी बरी शिव्या देते.

तुला वाटलं, तक्रार केली की पैसे मिळतील. डोकं आहे का? तू स्वतः लिहून दिलंस की मी अल्बर्टात राहतो, पैसे मी पाठवत होतो, गावातले सगळेच असं करतात. 'सगळेच.' हा एक शब्द लिहिलास आणि सगळ्या गावाला खड्ड्यात नेलंस. खेळ बंद. निकाल लागेपर्यंत एक तिकीट विकायचं नाही. एक्का टेबलाखाली कुलुपात, बंबाचा पैसा बँकेत अडकला.

सोमवारी सेंट जॉन्सहून परवाना खात्याच्या एक नोझवर्दी बाई आल्या. हॉलमध्ये दिवसभर बसल्या. पहिल्या आठवड्यापासूनचे तिकिटांचे सगळे अर्धे तुकडे मागितले. मी खोकी काढून दिली, माशांची खोकी आहेत, पण आत आठवड्याप्रमाणे दोऱ्याने बांधलेलं. विकलेली किती, उरलेली किती, पैसे किती, बँकेत कधी भरले. ते जुळलं. जुळणारच होतं. पण बाई पक्की. तुकडे उलटे करत गेल्या. पाठीमागची नावं. फोर्ट मॅकमरी, फोर्ट मॅकमरी, एडमंटन, फोर्ट मॅकमरी.

"मिस किअर्ली, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी म्हटलं, "पाठीमागचं वाचायचं ते सोडत काढल्यावर. विकताना मी पैसे मोजते."

"म्हणजे माहीत होतं."

"बाई, गावात कुणाचं पोर कुठे आहे हे मला माहीत नसेल तर कुणाला असेल?"

त्यांनी ते लिहून घेतलं. हसल्या नाहीत. चहा घेतला, बन नको म्हणाल्या. मग विचारलं, "आणि ज्या बुधवारी प्रसंग आला, त्या दिवशी तुम्ही सख्ख्या भावाचं तिकीट रद्द केलंत?"

"दुसऱ्याच्या भावाचं असतं तरी केलं असतं."

"ते सोपं असतं," त्या म्हणाल्या.

मी खोकी परत बांधायला घेतली. हे तुला सांगते ते यासाठी, की दुसरं कुणी सांगायच्या आधी माझ्याकडून कळावं.

आता गाव माझ्यावरही चिडलंय आणि तुझ्यावरही. तुझ्यावर जास्त. मी तुझी बाजू घेतलेली नाही. फक्त लेव्ही पार्डी दुकानात म्हणाला, "सेल्बीला हाव सुटली," तेव्हा त्याला म्हटलं, अकरा हजार सहाशे खिशात घालून हाव कुणाला म्हणतोस रे तू? बस.

निकाल कळला की लिहीन.

डल्सी


लँपर्स कोव्ह
२९ नोव्हेंबर

सेल्बी,

निकाल आला. परवाना राहिला.

लेखी ताकीद मिळाली, ती हॉलच्या भिंतीवर लावायची आहे, माझ्या नावासकट. लावली. आणखी दोन बुधवार बंद. त्यानंतर प्रत्येक माणसाने स्वतः रांगेत यायचं, आपलं नाव आणि राहण्याचा पत्ता सांगायचा, समोर सही करायची. मोजणीला टेबलामागे दोन माणसं, दोघांच्या सह्या. टेबलामागच्या माणसाने तिकीट घ्यायचं नाही. तुझं तिकीट रद्दच. त्यात लिहिलंय की ते पैसे दिले असते तर परवाना त्याच दिवशी गेला असता. हे वाक्य मी हेझनकाकांना दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा ते चष्मा शोधायला लागले.

आता दुसरी गोष्ट. आईने काल तोंड उघडलं. तुझं काम ऑगस्टमध्येच गेलं म्हणे. तेलाचे भाव पडलेत, त्यात. आणि तू सप्टेंबरभर, ऑक्टोबरभर तिला वीस-वीस डॉलर पाठवत राहिलास. कुणाच्या जिवावर? खोली सोडलीस आणि आपल्याकडच्या ट्रिनिटी गावच्या कुणा माणसाच्या सोफ्यावर झोपतोस. म्हणजे माझी पत्रं कुठल्या दारात पडत होती ते देवाला ठाऊक.

मूर्खा, मला का नाही सांगितलंस?

नको, सांगू नकोस. मला कळतं. तिकीट निघावं, मोठ्या गाडीतून यावं, हॉलसमोर भोंगा वाजवावा. हात हलवत आलं की लोक हसतात. हसतील, सेल्बी. मी तुला खोटं सांगत नाही. एक आठवडा हसतील, मग खेकड्यांचा हंगाम, मग कुणाची तरी बायको पळेल, मग तुझी आठवणही राहणार नाही. माझ्यावर तर आता दोन महिने हसतायत, मी काय वाळून गेले?

सोबत आठशे डॉलर आहेत. आईचे आहेत असं समज. माझे नाहीत, माझ्याकडे कुठले. विमानाने ये, बसने येऊन चार दिवस रस्त्यात घालवू नकोस. तुझ्या खोलीत आईने लोकरीचे गठ्ठे ठेवले होते, ते हलवलेत.

पत्र त्या ट्रिनिटीच्या माणसाच्या पत्त्यावर टाकतेय. तो फोडून वाचत असेल तर त्याला सांगते: बाबा, पैसे मोजून त्याला दे, मी नोटांचे नंबर लिहून ठेवलेत.

डल्सी


लँपर्स कोव्ह
१५ डिसेंबर

सेल्बी,

आईच्या घरात आहेस, माझ्या खिडकीतून तुझा दिवा दिसतो, आणि तरी पत्र लिहावं लागतंय. चार दिवस झाले. रस्त्यात भेटलास तर टोपी खाली ओढून समुद्राकडे बघतोस. समुद्र तुझ्याशी बोलणार आहे का?

काल खेळ पुन्हा सुरू झाला. अख्खं गाव आलं, रांग दाराबाहेर बर्फात. लोक आपापला पत्ता असे सांगत होते जसं काही मी त्यांना ओळखतच नाही. आणि रांगेत तू. मी मान वर केली तर समोर तू, पाच डॉलरची नोट पुढे करून.

मी म्हटलं, "नाव?"

"माहीत आहे तुला."

"नाव सांग."

मागे लेव्ही खिदळला. तू दात चावत म्हणालास, "सेल्बी किअर्ली."

"राहण्याचा पत्ता?"

सेल्बी, तू ती नोट एवढ्यांदा दुमडलीस आणि उलगडलीस की मागचे लोक पाय आपटायला लागले. मी पेन धरून होते. मला वाटलं, अल्बर्टा म्हणेल आणि मला तिकीट नाकारावं लागेल, दुसऱ्यांदा, सगळ्यांसमोर.

मग म्हणालास, "लँपर्स कोव्ह. आईकडे."

मी लिहून घेतलं. तिकीट फाडून दिलं. तू ते घेतलंस आणि माझ्याकडे न बघता गेलास. तुझं निघालं नाही. एक्काही निघाला नाही, किलवरची राणी निघाली.

आता कामाचं. हेझनकाका टेबलावरून उठले. गल्ला एवढा वाढल्यावर म्हणाले, "पोरी, मला आता खेळायचंय, मरायच्या आधी एकदा." टेबलामागे बसलं की तिकीट घेता येत नाही, म्हणून उठले. बरोबर आहे, त्यांचा हक्क आहे. काल त्यांच्या जागी पाद्रीबाई बसल्या, पण त्या सगळ्यांना आशीर्वाद देत बसतात आणि नोटा मोजायच्या राहतात.

मला दुसरं माणूस हवंय. रांगेत उभं राहायचं असेल तर उभा राहा, मी तिकीट विकेन, हसून नाही पण विकेन. टेबलामागे यायचं असेल तर तिकीट नाही, एक्का नाही, पगार नाही. चहा मिळतो. दोन्ही मिळणार नाही. पुढच्या बुधवारी मी दार सहाला उघडते, त्याच्या आत ठरव.

डल्सी


लँपर्स कोव्ह स्वयंसेवी अग्निशमन दल
९ जानेवारी २०१७

नोझवर्दी बाईंस,

डिसेंबरचा हिशेब सोबत पाठवत आहे. विकलेली, उरलेली आणि खराब झालेली तिकिटं वेगवेगळी लिहिली आहेत. बँकेच्या पावत्या टाचल्या आहेत. एक्का २८ तारखेला निघाला. हेझन ब्रॅग, वय ६९, राहणार लँपर्स कोव्ह, स्वतः हजर, सही करता करता खुर्चीवरून खाली घसरले, म्हणून सही थोडी वाकडी आहे. उरलेले पत्ते सगळ्यांसमोर तपासून फाडले. बंबाची अर्धी रक्कम भरली आहे, त्याची पावतीही आहे.

तुम्ही विचारलं होतं की मोजणीला दुसरं माणूस कोण. २१ तारखेपासून सेल्बी किअर्ली, राहणार लँपर्स कोव्ह. त्याने त्या दिवसापासून एकही तिकीट घेतलेलं नाही. तक्रार करणारा तोच. तुम्हाला चालत नसेल तर कळवा, पण मग मोजायला तुम्ही या.

२८ तारखेच्या हिशेबात चार डॉलरचा फरक आहे, तो लाल शाईने दाखवला आहे. मी म्हणत होते माझी मोजणी बरोबर. आम्ही दोघं त्यावर तासभर भांडलो, आईने मध्ये पडून चहा सांडला. शेवटी त्याची मोजणी बरोबर निघाली. हे तो आता गावभर सांगत फिरतोय, लेव्ही पार्डीलासुद्धा.

आणखी काही चूक सापडली तर पत्र माझ्याच नावाने टाका. त्याच्या हाती लागलं तर मला जगू देणार नाही.

डल्सी किअर्ली